कुटारात धामणीची अंडी: पांढरं पिल्लू निघण्याची शक्यता किती?

कोठेवाला (दिग्रस तालुका)
राम राम मंडळी. ढोरांसाठी सोयाबीनचं कुटार काढताना ढिगाच्या तळाशी ९ अंडी दिसली. पांढरी, लांबट, चामडी सालीची, बहुतेक एकमेकांना चिकटलेली. वरचं कुटार उपसलं गेल्यानं उघडी पडली आहेत. इथे धामणीची जोडी नेहमी दिसते, म्हणून तिचीच असावीत. मागच्या पावसाळ्यात याच कोठ्यात पिवळट-पांढरं, लाल डोळ्यांचं एक पिल्लू निघालं होतं. मोठ्या धामणी मात्र नेहमीसारख्या तपकिरी. मग हा रंग आला कुठून? यंदा किती पांढरी निघतील? आणि तशी दोन ठेवून जोडी लावली तर?

धुऱ्यावरचा
भाऊ, आधी अंड्यांचं बघा. नुसत्या अंड्यांवरून धामण की नाग हे ठरत नाही, आणि नागीण अंड्यांजवळ थांबते. हात अजिबात घालू नका. काढलेलं कोरडं कुटार लांब काठीनं वीतभर परत ओढून घ्या आणि १९२६ वर, म्हणजे वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला फोन लावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सापांची अंडी फोडणं किंवा जागची हलवणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. हलवायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.

त्यांनी हलवायला सांगितलं तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं खूण करा आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहू द्या. कोंबडीची अंडी फिरवतात, सापाची फिरवायची नसतात: गर्भ आतल्या पडद्याला चिकटून असतो, अंडं उलटलं की गुदमरून मरतो. चिकटलेला घोस तोडू नका, आहे तसाच उचला. झाकणाच्या डब्यात ओला कोकोपीट घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण थेंब पडू नये. अंडी अर्धी पुरा, झाकणाला दोन-चार बारीक भोकं पाडा. २७ ते ३० अंश चांगले. टिनाखाली पारा ३३ च्या वर गेला तर पिल्लं आतच मरतात किंवा वाकड्या कण्याची निघतात, म्हणून मातीच्या भिंतीची खोली बरी. पाणी घालायचं तर डब्याच्या कडेनं, अंड्यांवर नाही.

सुरुवातीलाच अंड्याच्या सालीला खड्डा पडला तर ओल कमी आहे. शेवटच्या आठवड्यात पडला तर घाबरू नका, तेव्हा तो पडतोच. साधारण दोन महिन्यांत साल चिरून तोंड बाहेर येतं. पिल्लू तसंच दिवसभर बसून राहतं, ओढून काढू नका. पोटाशी बलक जिरायचा असतो.

रंगसूत्र
रंगाचं मी सांगतो. लाल डोळे म्हणजे काळं रंगद्रव्य, मेलॅनिन, तयारच होत नाही. सापाच्या कातडीत पिवळ्या रंगाच्या पेशी वेगळ्या असतात, त्या शाबूत राहतात; म्हणून तुमचं पिल्लू दुधासारखं पांढरं नव्हतं, पिवळट होतं. काळ्या डोळ्यांचं शुभ्र पिल्लू निघालं असतं तर तो वेगळा प्रकार. कात टाकण्याआधी कोणताही साप दुधाळ दिसतो, पण त्याचे डोळे निळसर होतात, लाल नाही.

हा गुण बहुतेक अप्रभावी असतो. आई-बाप दोघांकडून तोच बिघडलेला जनुक आला तरच रंग जातो. एकाकडून आला तर साप तपकिरीच, फक्त वाहक. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक अंड्याला चारातली एक संधी. याचा अर्थ ९ मधून हमखास दोन असा नाही. नऊच्या नऊ तपकिरी निघण्याची शक्यता साडेसात टक्के उरते. आणि यंदाचा नर वाहक नसेल तर पांढरं एकही नाही. तुम्ही ‘जोडी’ म्हणता ते एकमेकांना विळखा घालून उभे राहणारे असतील, तर ते बहुधा भांडणारे दोन नर आहेत. बाप कोण, हे त्यावरून कळत नाही.

धुऱ्यावरचा
जोडी लावायचं मात्र डोक्यातून काढा. धामण संरक्षित आहे, परवानगीशिवाय घरी ठेवणं गुन्हा आहे, पिल्लूसुद्धा. तिचं काम तुमच्या कोठ्यातले उंदीर खाण्याचं आहे.

रंगसूत्र
जनुकांचं उत्तर तरी द्यायला हवं. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकवर, म्हणजे तिकडच्या उंदीरखाऊ सापावर, हे नीट तपासलेलं आहे. तिथे लाल डोळ्यांच्या सापात ओसीए-२ नावाचा जनुक बिघडलेला असतो. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी हे २०१५ साली दाखवलं. असे दोन साप एकत्र आले तर सगळी पिल्लं तशीच. पण एकात काळा रंग नाही आणि दुसऱ्यात लाल नाही, अशी जोडी असेल तर सगळी पिल्लं साधी निघतात, कारण दोघांचे बिघाड वेगवेगळ्या जनुकांत आहेत. त्या पिल्लांच्या पुढच्या पिढीत सोळातलं एक दोन्ही रंग गमावलेलं, गुलाबीसर पांढरं. नवशिके इथेच फसतात आणि पाळणाऱ्यानं खोटं सांगितलं म्हणतात.

कोठेवाला
वनरक्षक उद्या सकाळी येतो म्हणाले, डबा तयार ठेवायला सांगितलं. कोठ्यात लाल मुंग्या फार आहेत. डब्यात शिरतील का?

धुऱ्यावरचा
शिरतात, आणि पिल्लू साल चिरू लागलं की आधी तिथेच जातात. परातीत पाणी घाला, मधे वीट ठेवा, विटेवर डबा. डब्याची कड भिंतीला किंवा परातीला टेकू देऊ नका. मुंग्यांची पावडर जवळपास टाकू नका, सालीतून हवा आत जाते. पांढरं पिल्लू निघालंच तर वनरक्षकांना सांगून संध्याकाळी त्याच वावराच्या दाट धुऱ्यात सोडायला लावा, दिवसा नको. ते शिक्रा-घारीच्या नजरेत पटकन येतं.