मदत हवी आहे: बॅज हरवलेला जुना जपानी ड्रमसेट, फ्लोअर टॉमवर नवं पान बसेना

टिपरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ओहायोत राहतो. दोन गल्ल्या सोडून एका घरी जुन्या सामानाची विक्री होती. गेलो होतो शिडी बघायला, आलो ड्रमसेट घेऊन. १२० डॉलरला चार नग पडले: २० इंची बास, १२ चा टॉम, १४ चा फ्लोअर टॉम (पायांवर जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम) आणि १४ चा स्टीलचा स्नेअर (खाली झिरझिरणाऱ्या तारा असलेला). विकणाऱ्या आजी म्हणाल्या, थोरल्या भावाने शाळेत असताना घेतलेला, साल ६६ असेल नाहीतर ६७.

मी मूळचा ढोलवाला, पुण्यात सात वर्षं पथकात होतो. ड्रमसेट दोन वर्षांपासून शिकतोय. म्हणजे वाजवता थोडंफार येतं, उघडून जोडण्याच्या नावाने बोंब.

लाकडी नगांवरचे तिन्ही बॅज (कंपनीच्या नावाच्या पट्ट्या) गायब आहेत. हवेच्या भोकाभोवती ढालीच्या आकाराची खूण तेवढी राहिली आहे. गंमत म्हणजे त्या खुणेच्या आत रंग गर्द निळा चमचमता, आणि बाकी सगळा सेट शेवाळी हिरवा. दोन दिवस मी त्याला हिरवाच समजत होतो. बासच्या आत कागदाचा छोटा तुकडा चिकटवलाय, त्यावर फक्त ‘मेड इन जपान’. नेटवर विचारलं तर जो तो म्हणतो ‘पर्लने बनवलाय’, म्हणजे त्या जपानी ड्रम कंपनीने. हे खरं धरायचं का?

आता खरी अडचण. तिन्ही लाकडी नगांना नवी पानं (ज्यावर वाजवतात ते पडदे, भोवती कडं असलेले) आणली. बास आणि १२ च्या टॉमवर निमूट बसली. १४ च्या फ्लोअर टॉमवर मात्र पान खाली सरकतच नाही. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने वर येतं, डब्याचं झाकण चुकीचं असल्यासारखं. पान बदलून आणलं, तेच. शिवाय या टॉमचे दोन टेन्शन रॉड (पान ताणून धरणारे लांब स्क्रू) गंजलेत, म्हणून दुकानातून नवे आणले. ते दोन आटे आत जातात आणि अडकतात. पाना लावून फिरवू का?

धिनक

पाना आधी खाली ठेवा! दोन आट्यांवर अडकतोय म्हणजे त्याचा आटाच वेगळा आहे. जोर लावलात तर लगच्या (रॉड ज्यात जातो त्या धातूच्या पेटीच्या) आतला नट कायमचा जाईल. लग शेलवरून (ड्रमच्या लाकडी अंगावरून) उतरवा (आतून स्क्रू असतात), आत स्प्रिंगने दाबून धरलेला छोटा नट सापडेल. तो सुटा निघतो. नव्या रॉडच्या आट्याचा नट त्या जागी बसला तर प्रश्न मिटला. नाहीतर जुनेच रॉड रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा आणि तारेच्या ब्रशने घासा. लग उघडलेच आहेत तर प्रत्येक स्प्रिंगमध्ये कापसाचा बोळा भरून टाका. नाहीतर टॉम वाजवला की आतून झिर्रर्र येतं आणि माणूस महिनाभर शेलला दोष देत बसतो. मी बसलो होतो.

पानाबद्दल: जुनी पानं फेकली नाहीत ना?

टिपरू

कचऱ्याच्या पिशवीत गेली होती, आत्ता काढून आणली. एक फाटलंय, पण कडं धड आहे. का?

धिनक

ते कडं सोन्यासारखं जपा. शिंप्याची टेप घ्या आणि टॉमच्या वरच्या काठाचा घेर मोजा, रॅपसकट (बाहेरून गुंडाळलेल्या रंगीत प्लास्टिकसकट). मग जुन्या आणि नव्या पानाच्या कड्याचा आतला व्यास मोजा. आकडे इथे टाका.

जुना_बाजार

घेर कसला मोजताय? काठाखालचं वरचं प्लास्टिक पॉलिश पेपरने घासा, बसेल पान. १२० डॉलरच्या डब्याला एवढे सोपस्कार कशाला?

आणि ‘पर्ल’ म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर झळकले आणि घरोघरच्या पोरांना त्यांच्या ड्रमर रिंगोसारखा सेट हवा झाला. त्याचा होता अमेरिकन लडविग कंपनीचा, तो सगळ्यांच्या खिशाला कुठून परवडणार? मग आयात करणारे जपानी कारखान्यांकडून सेट मागवायचे आणि वर आपल्याला हव्या त्या नावाचा बॅज ठोकायचे. एकच सेट दहा नावांनी विकला गेलाय. पर्लने यातले पुष्कळ बनवले हे खरं. १९४६ ला म्युझिक स्टँडपासून सुरुवात, १९५० पासून ड्रम, १९६१ ला चिबात मोठा कारखाना. पण बनवणारे ते एकटे नव्हते. होशिनो या दुसऱ्या जपानी कंपनीचे ‘स्टार’ ड्रम १९६५ पासून होते, त्यांचंच पुढे १९७४ ला ‘तामा’ झालं. यामाहा ड्रममध्ये १९६७ ला आली. त्यात सगळेच एकमेकांची आणि अमेरिकन कंपन्यांची नक्कल करत होते, त्यामुळे नुसत्या लगच्या आकारावरून बाप ठरवता येत नाही.

पावशेर

म्हणजे गणपतीच्या मूर्तीसारखं. पेणहून आलेली, दुकानदाराचं नाव सांगून विकलेली.

टिपरू

मोजलं. टॉमच्या काठाचा घेर १११६ मिमी, म्हणजे व्यास साधारण ३५५. नव्या पानाचं कडं आतून ३५५ ला किंचित जास्त. जुन्या पानाचं चक्क ३५८!

धिनक

हेच हवं होतं. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. आजच्या पद्धतीत १४ चा शेल १४ इंचांचा नसतो, तीन-चार मिमी लहान ठेवतात, म्हणजे पानाला काठावर मोकळं तरंगता येतं. तुमचा शेल पूर्ण मापाचा, त्यावर जाड प्लास्टिक. त्या काळी पानांची कडी त्या हिशोबाने यायची. नवं पान बसणार कुठून? १२ चा आणि बास बसले हे नशीब, या सेटमध्ये एकाच घरातली भावंडंही एका मापाची नसतात.

घासू मात्र नका. त्या प्लास्टिकखाली लाउआन आहे, फिलिपिन्सहून जपानात जहाजं भरभरून यायचं ते लालसर लाकूड. तीन थरांचा पातळ प्लाय, वर-खाली आतून आधाराच्या पट्ट्या. हलकं, भुसभुशीत. पॉलिश पेपर एकदा प्लास्टिकपलीकडे गेला की काठाचा चुरा होतो. पान बसेल, सूर बसणार नाही.

अॅक्वेरियन कंपनीची ‘अमेरिकन व्हिंटेज’ नावाची पानं मिळतात, अशाच मोठ्या शेलांसाठी थोडी सैल बनवलेली. ती मागवा. त्याआधी एक बघा: रॅपचा जोड कुठे आहे, आणि पान नेमकं तिथेच अडकतंय का?

टिपरू

धिनकभाऊ, तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये लपलाय का? बरोब्बर तिथेच. जोडावर प्लास्टिकचे दोन थर एकावर एक आलेत आणि वरचा उकलून पोस्टकार्डसारखा वर आलाय. खाली पिवळट वाळलेला गोंद, नखाने पापुद्रे निघतायत.

धिनक

केसांच्या ड्रायरने मंद गरम करा, लवचिक झालं की जुना गोंद खरवडा, नवा कॉन्टॅक्ट सिमेंट लावा आणि वरून पट्टे आवळून दोन दिवस विसरून जा. फेव्हिक्विक छापाचं काही नको, ते कडक होऊन तडकतं. आणि तो हिरवा रंग पुसायच्या भानगडीत पडू नका. निळ्यावरचं पारदर्शक प्लास्टिक वयाने पिवळं पडलंय, निळं अधिक पिवळं म्हणजे हिरवं. पॉलिशने जात नाही.

जुना_बाजार

बरं, घासायचं मागे घेतो. पण एकदा वाजवून बघा, मग ठरवा एवढ्या खटाटोपाचा होता का. हे सेट मोठा आवाज देत नाहीत.

टिपरू

तीन आठवड्यांनी कळवतोय. जोड चिकटवला, घेर १११३ वर आला. साधं पान तरीही घट्टच, पण व्हिंटेजवालं मागवलं ते नुसतं ठेवलं आणि बोटाने ढकललं तर काठावर गरागरा फिरलं. नट बदलायची पाळी आली नाही, जुने रॉड रॉकेलने सुटले. कापूस भरला. आधी खरंच झिर्रर्र होतं, मला ते स्नेअरचं वाटायचं.

आवाजाबद्दल जुना_बाजार यांचं खरं आहे, मोठा नाही. पण फ्लोअर टॉम खाली उतरवून लावला तर ढोलाच्या थापीच्या बाजूसारखा घुमतो, आणि लगेच गप्प होतो. मागे रेंगाळत नाही. मला तर फार आवडलाय. बॅजच्या जागेवर काही लावणार नाही, ती निळी ढाल तशीच राहू दे.

आता एकच उरलंय. बासचे दोन पाय शेलमध्ये आत सरकणारे आहेत, वाकड्या सळ्यांचे. फुलपाखरी स्क्रू कितीही आवळला तरी उजवा पाय दहा मिनिटांत आत जातो आणि बास माझ्यापासून दूर पळतो. सळी गुळगुळीत झाली आहे. सळीला खाच पाडू, की मध्ये रबर घालू? कुणी केलंय का?