मेथेनी नुसता गोड नाही

जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीचं वादन फार गुळगुळीत आहे, हे तुमचं मत त्याच्या ग्रुपच्या काही अल्बमांपुरतं मान्य. पण 'साँग एक्स' ऐकाच! ग्रुप लोकप्रियतेच्या भरात असताना १९८६ मध्ये त्याने फ्री जॅझवाला सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनबरोबर हा अल्बम काढला. सुरांची नुसती झटापट आहे, गोडव्याला जागाच नाही. बेसवर, म्हणजे खर्जाच्या तंतुवाद्यावर, चार्ली हेडन, कोलमनचा जुना साथीदार. याच हेडनबरोबर मेथेनीचा १९९७ चा 'बियाँड द मिझूरी स्काय'. दोघंही अमेरिकेतल्या मिझूरी राज्यात वाढलेले, वाजवणारेही फक्त तेच दोघं. तिथे गोडवा आहे, पण हेडन इतके कमी स्वर वाजवतो की प्रत्येकाला वजन येतं. आणि मेथेनीचं १९७६ चं पदार्पण 'ब्राइट साइझ लाइफ' ऐकायचं राहिलं असेल, तर जॅको पास्टोरियसच्या बेसकडे कान लावून ऐका.