सेल तिसऱ्या पहाटे बसतो, एफपीजीएची वीज कशी वाचवू?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
वावरात हरभरा आहे. डुकरांचा आवाज ओळखून भोंगा वाजवणारं यंत्र केलं: डिजिटल माइक, आइस-४० अल्ट्राप्लस एफपीजीए (आतलं सर्किट आपणच ठरवायचं अशी चिप), २६०० एमएएचचा एक लिथियम सेल. ओळखतं चांगलं, पण मल्टिमीटर सतत ४५ मिलिअँपिअर दाखवतो. संध्याकाळी लावलेला सेल तिसऱ्या पहाटे बसतो. परवा नेमका तेव्हाच कळप शिरला. घाटे भरत आले होते, ओळीच्या ओळी उखरून टाकल्या. यंत्राच्या भरवशावर बाबा घरी झोपू लागले होते, आता पुन्हा जागलीला जातात. चिप तर कमी विजेची म्हणतात, मग वीज जाते कुठे?

उत्तर (अकोला)
भाऊ, ४५ हा चिपचा नाही, अख्ख्या बोर्डाचा आकडा आहे. यूएसबीची चिप आणि पॉवरचा एलईडी आधी तोडा. मग चिपच्या गाभ्याला जाणाऱ्या १.२ व्होल्टच्या वाटेत मीटर घालून वेगळं मोजा. मोकळे इनपुट पिन पुल-अप करा (रेझिस्टरमधून पुरवठ्याच्या व्होल्टेजला बांधा), लोंबकळते पिनही वीज खातात.

उत्तर (नागपूर)
क्लॉक (सर्किट ज्या ठोक्यावर चालतं तो) किती ठेवलाय? सर्किट चालताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज तुमच्या हातात नाही, क्लॉक आहे. चिपमधला ऑसिलेटर (ठोके देणारा भाग) ४८ मेगाहर्ट्झचा, त्याला भागून २४, १२, ६ मिळतात. ६ घ्या, त्याला ४ ने भागून माइकला १.५ द्या. पीएलएल (एका क्लॉकपासून दुसरा बनवणारा भाग) काढाच.

आवाज ठरावीक पातळीवर जाईपर्यंत ओळखणारा भाग झोपवा. पण त्यासाठी क्लॉक अडवायला अँड गेट लावू नका, ग्लिच (क्षणभराचा खोटा ठोका) येऊन रात्री खोटा भोंगा वाजेल. फ्लिपफ्लॉपचा (एक बिट धरून ठेवणाऱ्या घटकाचा) एनेबल, म्हणजे चालू-बंदचा इनपुट, वापरा. आणि गुणकांचे (चिपमधल्या गुणाकार करणाऱ्या भागांचे) इनपुट गोठवा, नाहीतर उत्तर कुणी वाचत नसतानाही ते गुणाकार करत बसतात. चिपने आपलं कॉन्फिगरेशन (सर्किटची मांडणी) वाचून घेतल्यावर ते साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीलाही डीप पॉवर-डाउनमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, टाका. रीसेटनंतर आइस-४० तिला स्वतःच उठवतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. एलईडी आणि यूएसबी चिप काढल्यावर ४५ चे २३ झाले. क्लॉक ४८ वरून ६ वर आणला, १४. गुणक गोठवले, फ्लॅश झोपवली, ११. हिशेबाने नऊ दिवस निघतील. आज सहावा, परवा रात्री भोंगा वाजला आणि कळप धुऱ्यावरूनच परतला. सकाळी ओल्या मातीत खुरं दिसली, बांधाच्या अलीकडे एकही नाही.

बाबा मात्र अजून मचाणावरच झोपतात. म्हणतात, नववी रात्र निघू दे.