कर्जाच्या 'डेट'मधला बी: समजावायचा की नुसता पाठ करवायचा?

दांडियाबाजारवाली:
संध्याकाळी माझ्याकडे सहा जण इंग्रजी शिकायला येतात. सगळे मोठे, दोघं कॅनडाच्या तयारीतले. परवा एकाने विचारलं, कर्जाच्या 'डेट'च्या (debt) स्पेलिंगमध्ये न उच्चारला जाणारा बी कशाला? मी सांगितलं, शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा बी नव्हताच. पुढे पंडितांना लॅटिनमधला 'डेबितुम' आठवला आणि त्यांनी तो लिहिण्यात घुसवला. बोलणाऱ्यांनी त्याला दाद दिली नाही! सरदार या अर्थाच्या 'नाइट'ची गोष्ट उलटी. तिथला के एके काळी खरंच उच्चारत. कॅक्सटनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, त्यानंतर स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, उच्चार पुढे निघून गेले. 'टाइम'मधला 'आय' हा उच्चारसुद्धा पूर्वी 'ई' असा होता. यात अर्धा तास गेला खरा. दुसऱ्या दिवशी एकाच्या वडिलांचा फोन: "ताई, इतिहास नको, बँड पाहिजे." (बँड म्हणजे आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतले गुण.)
माझं चुकलं का?

अलकापुरी_क्लासवाला:
रागावू नका, पण चुकलं. आयेल्ट्सची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. तिथे बी कुठून आला हे कोण विचारतंय? माझी मुलं अडतात ती जोर कुठे द्यायचा यावर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. आपल्या मराठी-गुजराती कानांना तो फरक जाणवतच नाही. व्ही आणि डब्ल्यू, दोन्हींना आपला एकच 'व'. तो अर्धा तास यावर घालवायचा होता.

पेन्शनर_रावपुरा:
क्लासवाल्यांशी सहमत, कारण वेगळं. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्याला नोकरीत आले, पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवलं. सातव्या वर्षापासून विलायतेत वाढलेले. त्यांना इंग्रजी आली ती काही बीची गोष्ट ऐकून नव्हे. (बंगाली मात्र इथे बडोद्यात बसून शिकावी लागली!)

दांडियाबाजारवाली:
काका, तोच तर मुद्दा. विलायतेत वाढणारं पोर आधी काही वर्षं नुसतं ऐकतं, वाचायला नंतर लागतं. माझ्याकडे येणाऱ्याला शब्द पहिल्यांदा भेटतो तो पुस्तकात. 'आयलंड'मधला एस तो इमानदारीने उच्चारतो. आता तो एस मुळात कधीच नव्हता, लॅटिनवरून आलेल्या 'आइल'शी नातं आहे असं समजून चुकून चिकटवलेला. जो डोळ्यांनी भाषा शिकतोय, त्याला डोळ्यांना खुपणाऱ्या अक्षराचं कारण द्यायला नको?

मांडवीची_सून:
माझं माहेर गुजराती. मराठी लग्नानंतर शिकले. 'चहा'मधला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा, आणि लिहिताना दोन्ही सारखेच! सासूबाईंनी कारण नाही सांगितलं. दहादा म्हणून दाखवलं, अकराव्यांदा मला आलं.

अलकापुरी_क्लासवाला:
हेच म्हणतोय मी! शब्द आधी डोळ्यांना भेटतो ही तक्रार असेल, तर पुस्तक मिटा. आधी रेकॉर्डिंग ऐकवा, पुस्तक मग उघडा.

दांडियाबाजारवाली:
मिटते, कबूल. पण बावीस वर्षांचा माणूस 'का' विचारणारच. "असंच असतं" म्हटलं की तो घोकतो आणि आठवड्यात विसरतो. डेटचा बी सहापैकी एकही जण अजून विसरलेला नाही.

अलकापुरी_क्लासवाला:
ठीक. मग आज माझ्या बॅचमध्ये निघालेला प्रश्न घ्या. 'गूस'चं अनेकवचन 'गीस', तर 'मंगूस'चं 'मंगीस' का नाही? मी म्हटलं, अपवाद आहे, पाठ करा.

दांडियाबाजारवाली:
अपवाद कसला? तो आपला मुंगूस! मराठीतून तिकडे गेलेला. गूसशी त्याचं काही नातंच नाही, म्हणून साधं 'मंगूसेस'.

अलकापुरी_क्लासवाला:
हे मला खरंच माहीत नव्हतं. उद्या बॅचला सांगतो. पण दोन मिनिटांत हं, अर्धा तास नाही.