दुधात पेशी वाढल्या, पण गाय तर ठणठणीत दिसते!

प्रश्न: एका गाईच्या दुधात कायिक पेशी (गाईच्या शरीरातून दुधात उतरणाऱ्या पेशी) मिलीलिटरला 2 लाखांच्या वर आल्या. कासेला सूज नाही, दुधात गाठी नाहीत. मग कशामुळे?

उत्तर: दादा, सुप्त कासदाह असणार, म्हणजे बाहेरून न दिसणारा कासेचा दाह. सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, गोठ्यातच होणारी कासदाहाची चाचणी) करून चारही सडांचं दूध वेगवेगळं तपासा. पण आधी ती बसते कुठे ते बघा! मागच्या पायांच्या सांध्यांवरचे केस गेलेत का? ओल्या, कडक फरशीवर तिचे हालच. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं; लगेच खाली बसली तर जमिनीवरचे जंतू आत शिरतात. तेव्हा पुढ्यात चारा टाका, म्हणजे उभी राहील.

आणि प्रतिजैविक (अँटिबायोटिक) दिलंत तर औषधाचा अंश दुधात उतरण्याची मुदत संपेपर्यंत ते दूध वेगळं काढा. वासरालाही पाजू नका.

प्रश्नकर्ता: केस खरंच गेलेत. आजच कोरडा भुसा पसरतो.