मदत हवी आहे: बँकेतल्या क्लार्कला आरोपपत्र आलंय, उत्तर कसं द्यावं?

पाणंद:
धाकटा भाऊ सरकारी बँकेत क्लार्क आहे. ४०,००० रुपयांच्या विथड्रॉवल स्लिपवरची सही आपली नाही, अशी एका खातेदाराची तक्रार आहे. एंट्री भावाच्या आयडीवरून झाली. चार महिन्यांपूर्वी निलंबन झालं, आता आरोपपत्र आलं. उत्तराला १५ दिवस दिलेत, सोबत एकही कागद नाही. पोलीस तक्रार नाही. निर्वाह भत्ता (निलंबनात पगाराऐवजी मिळणारी रक्कम) अजून पगाराच्या एक तृतीयांशच मिळतोय. मॅनेजर म्हणतात, पैसे भर, माफीपत्र दे, मिटून जाईल. द्यावं का?

रोजकीर्द:
माफीपत्र अजिबात देऊ नका. चौकशीत तेच पहिलं एक्झिबिट (पुराव्याचा कागद) होतं आणि मग बाकी पुरावा कोणी बघत नाही. पैसे भरायचेच असतील तर 'आरोप अमान्य, हक्क राखून' असं पत्र सोबत द्या.

आजच लेखी मागणी करा: मूळ स्लिप, स्पेसिमेन सही (बँकेकडची नमुना सही), त्या दिवसाचा कॅश स्क्रोल (रोख व्यवहारांची नोंद), प्राथमिक तपासाचा अहवाल, मूळ तक्रारपत्र आणि व्यवहाराचा लॉग. लॉगमध्ये आयडी, टर्मिनल, वेळ आणि मंजुरी देणाऱ्याचा आयडी दिसला पाहिजे. रक्कम भावाच्या पासिंग मर्यादेबाहेर (तो स्वतः मंजूर करू शकतो त्याहून जास्त) असेल तर मंजुरी दुसऱ्या कोणाची तरी आहे, आणि सही कोणी ताडून पाहिली हा प्रश्न तिथूनच निघतो. सीसीटीव्ही फुटेज ठराविक दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते जतन करण्याचं वेगळं पत्र द्या. प्रत्येक पत्रावर पोच घ्या. मुदतीत कागद आले नाहीत तरी गप्प बसू नका. 'आरोप अमान्य, कागद मिळाल्यावर सविस्तर उत्तर देईन' एवढं तरी मुदतीत पोचवा.

क्लार्कच्या चौकशीला बँका आणि युनियन यांच्यातला १० एप्रिल २००२ चा द्विपक्षीय करार लागतो. अधिकाऱ्यांचे नियम वेगळे, त्यामुळे एखाद्या अधिकाऱ्याचं जुनं उत्तर नकलून देऊ नका. बचावाला नोंदणीकृत युनियनचा प्रतिनिधी घेता येतो, वकील मात्र बँकेच्या परवानगीनेच. प्रेझेंटिंग ऑफिसर (चौकशीत बँकेची बाजू मांडणारा) कायदा शिकलेला असेल तर वकील मागताना मुंबई पोर्ट ट्रस्ट विरुद्ध नाडकर्णी हा १९८३ चा निकाल जोडा.

भत्ता पहिले तीन महिने एक तृतीयांश, नंतर निम्मा. वर्षानंतर पूर्ण, पण विलंब कर्मचाऱ्यामुळे झालेला नसावा. चौथ्या महिन्याचा फरक मागून घ्या.

पाणंद:
खातेदार साक्षीला आलेच नाहीत तर आरोप टिकणार नाही ना?

उंबरा:
त्यावर विसंबू नका. हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग (१९७७) प्रमाणे खातेचौकशीत (नोकरीतल्या अंतर्गत चौकशीत) पुराव्याचे कडक नियम नसतात; तक्रारदार आला नाही, एवढ्यावर चौकशी रद्द होत नाही. पण कागद नुसता फाइलला लावला म्हणजे तो सिद्ध झाला, असंही नाही. रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (२००९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. म्हणून खातेदाराची उलटतपासणी हवी, अशी मागणी रोजनाम्यात (चौकशीच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंदवून घ्या. फेटाळली तर फेटाळल्याचीही नोंद करायला लावा. तोंडी हरकत पुढे कोर्टात दिसत नाही. रोज सही करण्याआधी रोजनामा पूर्ण वाचायचा, चुकीचं काही लिहिलं असेल तर तिथेच हरकत लिहून सही करायची आणि प्रत घेऊन निघायचं.

चौकशी अहवालाची प्रत मिळणं हा हक्क आहे (करुणाकर निकाल, १९९३). त्यावर म्हणणं द्या. आरोप सिद्ध धरला तर शिक्षेबाबत वेगळी सुनावणी क्लार्कला मिळते. तिथे आधीची स्वच्छ सेवा मांडा. आदेश मिळाल्यापासून अपिलाला ४५ दिवस असतात. लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख त्याच दिवशी घालून ठेवा.