जांभळाच्या बियांची पावडर आणि शुगरची गोळी सोबत चालते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी साताऱ्यातून. आईला ८ वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू. जूनमध्ये मेढ्याची मावशी जांभळं घेऊन आली, आम्ही खाल्ली आणि आईने बिया धुवून गच्चीवर वाळवल्या, मिक्सरला लावल्या, आता हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत ती मातकट पावडर भरलेली असते आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा कोमट पाण्यातून. चमचा म्हणजे शिगोशिग हां, पोह्याचा!

गेल्या मंगळवारी भाजी निवडता निवडता हात थरथरायला लागले, घाम फुटला, मशीनवर बघितलं तर ६२. ७० च्या खाली म्हणजे लो, एवढं माहिती होतं म्हणून लगेच साखरपाणी दिलं, १५ मिनिटांनी परत चेक केलं तेव्हा जरा वर आली. ग्लिमेपिराइडने शुगर लो होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, त्यात ही पावडरपण शुगर उतरवते म्हणतात, मग डबल झालं असेल का? आईचं एकच, "झाडपाल्यानं कधी कुणाला काय झालंय व्हय?" आणि डॉक्टरांना सांगायचं नाही म्हणे, ते ओरडतात.

पावडर मी सध्या लपवून ठेवलीय. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन पण आहे. कुणी गोळ्यांसोबत घेतलीय का, किती घेत होता, आणि ऑपरेशनआधी किती दिवस बंद केली? गटात कुणी वैद्य किंवा फार्मासिस्ट असेल तर प्लीज सांगा. डॉक्टरांकडे शनिवारी नेतोयच, बाटलीसकट.